मॉनिटरचा डिस्प्ले सारखा जातोय? पॅनेल बदलण्याआधी त्याच्या दिव्याकडे बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: असेंबल केलेला पीसी, दोन वर्षांचा २४ इंची मॉनिटर, १०८०पी (म्हणजे १९२० बाय १०८० ठिपक्यांचं चित्र), ७५ हर्ट्झ (सेकंदाला ७५ वेळा नवं चित्र). दिवसातून पंधरा-वीस वेळा स्क्रीन काळी होते आणि दोन-तीन सेकंदांनी आपोआप परत येते. काळी होताना स्पीकरमधून 'टुडुंग' असा आवाज येतो. संध्याकाळी जास्त होतं. मध्यंतरी टेबल खिडकीकडे सरकवलं म्हणून ३ मीटरची नवी एचडीएमआय केबल घेतली. विंडोज दोनदा नव्याने टाकून झालं, ड्रायव्हर बदलून झाला, आणि आता दुकानदार म्हणतोय, पॅनेल गेलं, साडेसहा हजार लागतील, त्यापेक्षा नवाच घ्या.

नका घेऊ. निदान या आठवड्यात तरी नका.

पॅनेल जातं तेव्हा उभ्या रेषा येतात, अर्धी स्क्रीन धुरकट होते, कोपऱ्यातून काळा डाग पसरत जातो, रंग उलटसुलट होतात. तीन सेकंद रुसून पुन्हा पहिल्यासारखं होणारं पॅनेल मी तरी फार बघितलेलं नाही. आणि रुसलंच तर ते कॉम्प्युटरला सांगायला जात नाही. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात कामाचा शब्द तो 'टुडुंग' आहे. एखादं उपकरण निघालं की विंडोज तो आवाज करतं. एचडीएमआयच्या प्लगमध्ये १९ पिना असतात. त्यातल्या १९व्या पिनेवर मॉनिटर कॉम्प्युटरला 'मी इथे आहे' एवढंच सांगत असतो. ती हाक थांबली की विंडोज समजतं, मॉनिटर काढला, आणि टुडुंग. पॅनेल किंवा त्यामागून उजेड देणारा बॅकलाइट गेला असता तर ही हाक चालूच राहिली असती, स्क्रीन गुपचूप काळी झाली असती.

म्हणजे तुमच्या मॉनिटरच्या बाबतीत दोनच गोष्टी संभवतात. एक तर दोघांमधला दुवा तुटतोय, नाहीतर मॉनिटर स्वतःच क्षणभर बंद पडून पुन्हा चालू होतोय. यातलं कुठलं, हे सांगणारी खूण तुम्ही लिहिली नाहीत, कारण ती बघायची असते हे कुणी सांगतच नाही. स्क्रीन परत येताना कंपनीचा लोगो दिसतो का? मॉनिटरचं बटण दाबून तो चालू केला की जो दिसतो तोच. लोगो दिसला तर मॉनिटरचा स्वतःचा वीजपुरवठा तुटला, मग केबल कितीही बदला, फरक पडणार नाही. लोगो न दिसता सरळ डेस्कटॉप आला तर मॉनिटर जागाच होता, फक्त त्याच्यापर्यंत काही पोचत नव्हतं.

लोगोच्या बरोबरीने खालचा छोटा दिवा बघा. बहुतेक मॉनिटरांत चालू असताना तो निळा किंवा पांढरा असतो आणि सिग्नल नसला की नारिंगी होतो किंवा लुकलुकतो. नारिंगी झाला तर मॉनिटर ठणठणीत आहे, तो वाट बघतोय. दिवाच विझला तर वीज गेली. दिवा निळाच राहिला आणि स्क्रीन मात्र काळी, तर मॉनिटरचं मेनूचं बटण दाबा. मेनू दिसला तर पॅनेल आणि बॅकलाइट दोन्ही शाबूत. मेनूही नाही दिसला तर खोलीतला दिवा घालवा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनला तिरका धरून जवळून बघा. अंधारात आयकॉन, खिडक्या भुतासारख्या पुसट दिसल्या तर चित्र आहे, उजेड नाही. म्हणजे बॅकलाइट. तुमचा हा प्रकार नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचा असू शकतो म्हणून लिहून ठेवतो.

आणखी एक जुनी, फुकटची चाचणी. स्क्रीन काळी असताना कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो का? गाणं चालू होतं तर ते चालूच आहे का? असेल तर कॉम्प्युटर जिवंत आहे. हे सांगायचं कारण म्हणजे आपल्याकडे डिस्प्ले गेला की पहिल्यांदा रॅम काढून तिला खोडरबर मारतात. खोडरबर हे आपल्या हार्डवेअरवाल्यांचं कुलदैवत आहे. मशीन सुरू होताना डिस्प्लेच येत नसेल, बीप वाजत असतील, विशेषतः पावसाळ्यानंतर, तर रॅमच्या सोनेरी पट्ट्या पुसण्यात अर्थ आहे, मीही पुसतो. पण तीन सेकंदांनी डिस्प्ले आपोआप परत येतो तिथे रॅमचा काही संबंध नाही. रॅमने दगा दिला तर अख्खं मशीन गोठतं किंवा रीस्टार्ट होतं. ते परत येत नाही.

आता केबल. माझा पहिला संशय तिच्यावरच आहे, आणि टेबल सरकवण्याची आणि या दुखण्याची तारीख जुळते का ते तुम्ही आठवून बघा.

जुन्या व्हीजीए केबलचं एक बरं होतं. ती आजारी पडली की चेहऱ्यावर दिसायचं. लाल पिन सैल झाली की स्क्रीन हिरवट-निळी व्हायची, अक्षरांना सावली पडायची. तो ॲनालॉग सिग्नल, हळूहळू बिघडायचा. शिवाय दोन्ही बाजूंना स्क्रू असायचे. एचडीएमआय डिजिटल आहे. सिग्नल थोडा क्षीण झाला तरी चित्र अगदी स्वच्छ दिसतं, आणखी क्षीण झाला की पांढरे किंवा रंगीत ठिपके चमकायला लागतात, आणि त्यापुढे जरा घसरला की मॉनिटरला ताळमेळच लागत नाही. तो चित्र बंद करतो, पुन्हा जुळवाजुळव करतो, दोन-तीन सेकंद जातात. म्हणून लोक मला सांगतात, 'केबल चांगली आहे हो, चित्र एकदम क्लिअर येतं.' क्लिअर येणारच. काठावर उभा असलेला माणूसही उभाच दिसतो.

१०८०पी चित्र ६० हर्ट्झने पाठवायला केबलमधून सेकंदाला साधारण साडेचार गिगाबिट जातात. ७५ हर्ट्झला त्याहून वीस-पंचवीस टक्के जास्त. चांगल्या केबलला हे काहीच नाही. पण दीडशे रुपयांच्या ३ मीटर केबलमध्ये आत तांब्याऐवजी केसासारख्या बारीक, तांब्याचा मुलामा दिलेल्या तारा असतात आणि वरची संरक्षक जाळी नावापुरती. तिच्यावर सोनेरी प्लग आणि '४के' असं छापलेलं असतं. छापायला काय जातं.

हे सिद्ध करायला पैसे लागत नाहीत. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन आधी ७५ चं ६० हर्ट्झ करा आणि एक संध्याकाळ काढा. फरक पडला पण पूर्ण थांबलं नाही, तर १२८० बाय ७२०, ६० हर्ट्झ करून बघा. त्या मोडला केबलवरचा भार १०८०पीच्या बरोबर निम्मा होतो. अक्षरं मोठी-भोंगळ दिसतील, एका संध्याकाळचा प्रश्न आहे. इथे एक खोच आहे. नुसतं रिझोल्यूशन कमी केलं तर कधी कधी ग्राफिक्स कार्ड आतल्या आत चित्र ताणतं आणि केबलमधून पहिल्याएवढंच पाठवत राहतं. म्हणून 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले'मध्ये जाऊन 'ॲक्टिव्ह सिग्नल मोड'समोरही १२८० बाय ७२० लिहिलंय ना, ते बघा. नसेल तर तिथल्याच ॲडॉप्टर प्रॉपर्टीजमध्ये 'लिस्ट ऑल मोड्स' आहे, त्यातून निवडा. या मोडवर स्क्रीन एकदाही गेली नाही, तर मॉनिटर नवा घेण्याचा विषय संपला. केबल घ्या, दीड मीटरची, जरा जाडसर.

केबल आतून चांगली असली तरी ती लटकते कशी, हेही महत्त्वाचं. तुमच्या मॉनिटरच्या मागे वाकून बघा. बहुतेक मॉनिटरांत एचडीएमआयचं तोंड खाली जमिनीकडे असतं. प्लग खालून वर घुसवलेला, त्याला स्क्रू नाही, खटका नाही, नुसत्या पत्र्याच्या दोन-चार पाकळ्यांनी धरून ठेवलेला. त्याच्यावर ३ मीटर केबलचं वजन. टेबल हललं, झाडताना केरसुणी लागली, की प्लग केसभर खाली उतरतो. आतल्या पिना एकमेकींपासून अर्ध्या मिलिमीटरवर असतात, त्यामुळे केसभर म्हणजे पुष्कळ झालं. प्लग पुन्हा पक्का बसवा आणि केबल स्टँडच्या दांडीला चिकटपट्टीने किंवा प्लॅस्टिकच्या टायने बांधा. वजन दांडीवर यायला हवं, प्लगवर नको. निम्म्या तक्रारी याने मिटतात असं आकड्यानिशी सांगता येणार नाही, पण मी कुठेही गेलो की पिशवीतून टाय आधी काढतो.

बसवल्यानंतर प्लग बोटाने अगदी हलका डावीकडे-उजवीकडे ढकलून बघा. ढकलल्यावर स्क्रीन जात असेल तर दुसऱ्या केबलने तेच करा. दुसरीनेही जात असेल तर मॉनिटरच्या बोर्डावरचं पोर्ट सैल झालंय, सोल्डर तडकलंय. ते पुन्हा सोल्डर करता येतं, पण हात असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. मॉनिटरला दुसरं एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट असेल तर सरळ ते वापरा. डिस्प्लेपोर्टच्या बऱ्याच प्लगांना खटका असतो, तो लटकून निसटत नाही.

मध्ये एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लावलेला असेल तर तुमच्यासारखीच तक्रार वेगळ्या चालीने येते. जुना मॉनिटर आणि नवा पीसी अशी जोडी घरोघरी आहे. हा डबा आपली वीज एचडीएमआयच्या ५ व्होल्टच्या पिनेवरून घेतो आणि तिथे ५५ मिलिअँपिअरपेक्षा जास्त मिळण्याची हमी नसते. वीस-पंचवीस मिनिटांनी तो तापतो आणि डिस्प्ले जातो. हात लावून बघा, गरम लागला तर चोर सापडला.

आता 'संध्याकाळी जास्त होतं' याच्याकडे येतो. आधी हे तपासा की संध्याकाळी जास्त होतं, की संध्याकाळी तुम्ही जास्त वेळ बसता. हसू नका, यात मी फसलोय. एका कागदावर वेळ लिहा आणि त्या क्षणी घरात काय चालू-बंद झालं तेही. मिक्सर, पंख्याचा स्विच, ट्यूब, फ्रिजचा कॉम्प्रेसर, सोसायटीची पाण्याची मोटर.

हे मी शिकलो ते एका कर सल्लागाराच्या ऑफिसात, जानेवारीचा महिना. साहेबांच्या टेबलावर दोन मॉनिटर आणि दोन्ही एकदम काळे व्हायचे. मी केबल बदलली. कार्ड बदललं. दुकानात नेऊन चार दिवस चालवलं, एकदाही गेलं नाही. परत लावलं, दुसऱ्या दिवशी फोन. तिथला कारकून मला पहिल्या दिवसापासून सांगत होता, 'साहेब उठले की जातं.' सगळे हसायचे, मीही हसलो होतो. तिसऱ्या खेपेला मी काहीच उघडलं नाही, चहा घेत कोपऱ्यात बसून राहिलो. साहेब फाइल काढायला उठले, खुर्ची 'फुस्स' करून वर आली आणि दोन्ही स्क्रीन काळ्या. त्यांना दहा वेळा उठा-बसायला लावलं. सहा-सात वेळा गेलं. दुकानात मी लाकडी स्टुलावर बसतो, तिथे कुठून जाणार!

गॅसच्या दांडीवर वरखाली होणाऱ्या या खुर्च्यांत, माणूस उठला की गादी आणि लोखंडी भाग यांच्यात स्थिर वीज तयार होते आणि बारीक ठिणग्यांतून ती निसटते. त्या ठिणगीची लहर हवेतून जाते, आणि कमी जाळीची लांब केबल म्हणजे आयती अँटेना. ही काही माझी एकट्याची दंतकथा नाही. यूएसबीवरून मॉनिटर जोडायच्या चिप बनवणाऱ्या डिस्प्लेलिंक या कंपनीने आपल्या ग्राहकांसाठी हीच खुर्चीची गोष्ट उघडपणे लिहून ठेवली आहे. कोरड्या थंडीत हे जास्त होतं. पावसाळ्यात हवा दमट असते, स्थिर वीज साठत नाही. त्या ऑफिसात खुर्ची बदलायची गरज पडली नाही. टोकांना फेराइटचा गोळा (गोंगाट अडवणारी ती काळी गाठ) असलेल्या दीड-दीड मीटरच्या चांगल्या केबली टाकल्या आणि सॉकेटला खरं अर्थिंग दिलं. कारकुनाची मात्र मी माफी मागितली.

'खरं अर्थिंग' मुद्दाम म्हटलं. आपल्याकडच्या घरांत थ्री-पिन सॉकेट असतं, पण वरच्या मोठ्या भोकात वायर असेलच असं नाही. जुन्या वाड्यात, भाड्याच्या खोलीत तर ते भोक शोभेचं असतं. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) विजेतला गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, ते लाइन आणि न्यूट्रलमधून कॅबिनेटला जोडलेले. अर्थिंग नसेल तर कॅबिनेट अधांतरी राहतं आणि त्यावर साधारण निम्मा दाब येतो, ११०-११५ व्होल्ट. करंट अगदी नगण्य, पण अनवाणी पायाने कॅबिनेटच्या मागे बोट लावलं की मुंग्या येतात, टेस्टरचा दिवा लागतो. ही वीज वाट शोधते आणि तिला एचडीएमआयच्या केबलची जाळी सापडते. अशा घरात पंखा किंवा मिक्सर चालू केला की स्क्रीन लुकलुकते यात नवल नाही. आणि अशाच घरात चालू मशीनला एचडीएमआय खुपसताना पोर्ट उडतं. तुमच्याकडे मुंग्या येत असतील तर केबल काढा-घालायच्या आधी दोन्हींचे प्लग भिंतीतून काढा.

वायरमनला बोलावून लाइन-न्यूट्रल, लाइन-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असं मोजायला सांगा. पहिले दोन आकडे जवळजवळ सारखे, २३० च्या आसपास, आणि तिसरा दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवा. लाइन-अर्थ ऐंशी-नव्वद असं काहीतरी विचित्र आलं तर अर्थिंग नाही. न्यूट्रलवरून तार ओढून अर्थच्या पिनेला जोडणारे बहाद्दर आहेत, त्यांना ते करू देऊ नका. कधी न्यूट्रल तुटला तर अख्ख्या कॅबिनेटला पूर्ण २३० व्होल्ट येतील.

स्टॅबिलायझर मात्र घेऊ नका. तुमच्या मॉनिटरच्या लेबलवर '१००-२४० व्होल्ट' लिहिलेलं असेल. १८० व्होल्टला ट्यूब फडफडेल, मॉनिटरला काही कळणारही नाही. लाइट जाते-येते त्या क्षणाचा प्रश्न असेल तर गोष्ट वेगळी. घरच्या इन्व्हर्टरच्या मागे बहुतेक वेळा 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असा स्विच असतो. नॉर्मलवर ठेवलात तर बदल होताना मधला अवकाश मोठा पडतो आणि मॉनिटर डोळा मिटतो. कॉम्प्युटरसाठी तो यूपीएसवर हवा. आणि कॉम्प्युटर यूपीएसवर, मॉनिटर मात्र साध्या बोर्डावर, हाही प्रकार दर दोन महिन्यांनी एकदा तरी दिसतो.

समजा लोगो दिसला, म्हणजे मॉनिटरच पुन्हा चालू होतोय. मग आधी ब्राइटनेस कमी करा, २० टक्क्यांवर आणा. मॉनिटरमध्ये सगळ्यात जास्त वीज बॅकलाइट खातो. कमी ब्राइटनेसला तो दिवसभर टिकला आणि शंभरवर नेला की दहा मिनिटांत गेला, तर वीजपुरवठा थकलाय. बाहेरून ॲडॅप्टर असेल तर काम सोपं. मॉडेलप्रमाणे १२, १४ किंवा १९ व्होल्टचा असतो. व्होल्ट तंतोतंत तेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनेची जाडी तीच. 'बसतोय ना, मग चालेल' असं करून १४ च्या जागी १९ लावलेला बोर्ड माझ्या टेबलावर जळून आलाय. ॲडॅप्टरची गोल पिन जॅकमध्ये फिरवून बघा, फिरवताना स्क्रीन गेली तर जॅकच सैल आहे.

ॲडॅप्टर नसेल, पॉवर कॉर्ड थेट मॉनिटरमध्ये जात असेल, तर पुरवठ्याचा बोर्ड आत आहे. जुन्या मॉनिटरांत इथला नेहमीचा रोगी म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. पिंपासारखे दिसतात. चांगल्याचं डोकं सपाट, बिघडलेल्याचं फुगलेलं, कधी त्यावर तपकिरी चिकट डाग. १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, १०५ डिग्रीचा, असा काहीतरी. वीस रुपयांची वस्तू. लक्षण ओळखीचं: थंडीत सकाळी मॉनिटर लुकलुकतो, लागत नाही, अर्ध्या तासाने तापला की मुकाट्याने चालतो. पण हे घरी उघडू नका. कॉर्ड काढली तरी मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या आसपास साठून राहिलेले असू शकतात. मला एकदा बसलाय, मनगटापासून कोपरापर्यंत हात दिवसभर बधीर होता. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला बोर्ड-दुरुस्ती करणारे मिळतात, तालुक्याच्या गावी टीव्ही दुरुस्त करणारा जुना माणूस हे काम त्यांच्याइतकंच चोख करतो. पावसाळ्यात त्याच्या बोर्डावर मुंग्यांचं घर किंवा भाजलेली पाल निघाली तर दचकू नका, ते आमच्या धंद्यात रोजचं आहे.

फार जुना, २०१० च्या आधीचा मॉनिटर असेल तर आत एलईडीऐवजी बारीक ट्यूब असतात. तो चालू केला की दोन सेकंद चित्र दिसतं आणि अंधार. ट्यूब म्हातारी झाली की तिला वीज देणारा, मॉनिटरच्या आतला इन्व्हर्टर बोर्ड स्वतःला वाचवायला बंद होतो. त्यावर आता खर्च करू नये असं माझं मत.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात, कारण तुम्ही विंडोज दोनदा टाकून ती बाजू बऱ्यापैकी संपवली आहे. ग्राफिक्सचा ड्रायव्हर अडकला आणि दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज त्याला स्वतः रीस्टार्ट करतं. स्क्रीन काळी होते, परत येते, हुबेहूब तुमच्यासारखं. त्याची नोंद मात्र राहते. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, सिस्टिम, आणि स्क्रीन गेली त्या वेळेला ४१०१ क्रमांकाची नोंद आहे का बघा. असेल तर केबल निर्दोष, ग्राफिक्स कार्ड, त्याचं तापमान आणि एसएमपीएस यांच्याकडे वळा. गेम खेळतानाच जात असेल तर शंका आणखी घट्ट: कार्डाचा सहा किंवा आठ पिनांचा जोड पक्का बसलाय का, आणि एसएमपीएस कॅबिनेटबरोबर 'फ्री' आलेला तर नाही? १२ व्होल्टची लाइन भार असताना ११.४ च्या खाली गेली तर तो बदला. नोंद नसेल तर पुन्हा विंडोज टाकण्याचा घाट घालू नका. तिसऱ्यांदा टाकूनही केबल तीच राहणार आहे.

मॉनिटरच्या मेनूमध्ये दोन गोष्टी बंद करून बघा. 'ऑटो सोर्स', म्हणजे मॉनिटर मध्येच उठून दुसऱ्या पोर्टात डोकवायला जातो ते. त्याऐवजी 'एचडीएमआय १' असं ठाम सांगा. आणि फ्रीसिंक, म्हणजे मॉनिटरचा वेग ग्राफिक्स कार्डाशी जुळवणारी सोय, असेल तर ते. ओटीटीवर सिनेमा बघतानाच स्क्रीन जात असेल, इतर वेळी नाही, तर चोरी रोखणारी जी तपासणी केबलमधून सतत चालते ती अडखळतेय, आणि ती अडखळण्याचं कारणही बहुधा परत केबलच.

तुमच्यासाठी क्रम मी असा लावेन. आज रात्री लोगो आणि दिवा बघा, प्लग पक्का बसवून केबल दांडीला बांधा, ऑटो सोर्स बंद करा. उद्या ६० हर्ट्झ, परवा ७२०. त्याच्याबरोबर कागदावर वेळा लिहा, आणि प्रत्येक वेळी तुम्ही बसलेले होतात की उठत होतात, तेही. शेजाऱ्याकडून तासाभरासाठी टीव्हीची एचडीएमआय केबल उसनी मिळाली तर हे सगळं एका दिवसात होईल. टीव्हीच मिळाला तर आणखी उत्तम, तुमचा पीसी त्याला लावून बघा. त्याच केबलने टीव्हीही काळा झाला तर दुकानदाराला पॅनेलचं पुन्हा विचारा, मजा येईल.

लोगो दिसतो की नाही, एवढं मला नक्की कळवा, त्यावर पुढचं सांगतो. आणि केबलच निघाली तर जुनी टाकून द्या, किंवा निदान तिच्यावर पट्टी लावून 'खराब' असं लिहा. माझ्या ड्रॉवरमध्ये अशी एक होती, बिनचिठ्ठीची. तिने सहा महिन्यांत मला तीन वेगवेगळ्या घरांत हेलपाटे घालायला लावले.